वाचकांचे प्रश्न : लाइनमनला आत्ताच बांधून ठेवावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. तुमचं सदर मी आणि माझा मुलगा दोघंही वाचतो आणि त्यावरून भांडतोही. यावेळचं भांडण तुमच्याकडेच पाठवतोय. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या (एनएफएल) आमच्या संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उत्तर त्या एका नावापुरतं नको आहे. आमचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध उभा राहणारा लाइनमन, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या फेरीत निवडलेला आहे. वय चोवीस, तीन हंगाम पूर्ण. दुसऱ्या हंगामात आठ सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणं) होते, तिसऱ्यात साडेतीनच. एजंट आत्ताच मोठा करार मागतोय. मुलगा म्हणतो, साडेतीन सॅकला वर्षाला अडीच कोटी डॉलर कशाला मोजायचे? पाचव्या वर्षाचा पर्याय (चार वर्षांचा पहिला करार एका वर्षानं वाढवण्याचा हक्क) संघाच्या हातात आहे, त्यापुढे फ्रँचायझी टॅग (ठरलेल्या रकमेवर माणसाला आणखी एक वर्ष रोखून धरण्याचा हक्क) आहे, दोन-तीन वर्षं आरामात बघता येईल. मला वाटतं, आत्ताच करार वाढवावा. पण का, ते मला पटवून सांगता येत नाही.

उत्तर : माझं मत आधीच सांगते: करार वाढवा, आणि हंगाम सुरू व्हायच्या आत वाढवा. मात्र तुमच्या मुलाची शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं.

त्याचा सगळा भर सॅकवर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू अडीच-पावणेतीन सेकंद असतो. त्या वेळात आतल्या टॅकलला समोरच्या गार्डला (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीतला माणूस) हरवायचं असतं, आणि बहुतेक वेळा शेजारून सेंटरही (त्या फळीचा मधला माणूस) अंगावर येतो. एका हंगामात आठ सॅक केलेल्या टॅकलकडे पुढच्या वर्षी प्रत्येक संघ सेंटर सरकवतो. अशा वेळी तो दोघांना अडकवून ठेवतो, फळीच्या कडेवरून धावून येणाऱ्या एज रशरला एकटा माणूस समोर मिळतो आणि सॅक लागतो त्या एज रशरच्या नावावर. उलटही घडतं. क्वार्टरबॅक उगाच चेंडू धरून राहिला, पळत पळत आपल्या टॅकलच्याच अंगावर आला, की काही न करता सॅक मिळतो. म्हणून आठचे साडेतीन झाले, एवढ्यावरून माणूस घसरला की वधारला ते कळत नाही.

बाल्टिमोर रेव्हन्सचा नामदी मादुबुइके बघा. २०२२ मध्ये साडेपाच सॅक, २०२३ मध्ये तेरा. २०२४ च्या मार्चमध्ये रेव्हन्सनी त्याला चार वर्षांसाठी ९ कोटी ८० लाख डॉलर दिले आणि त्याच वर्षी सॅक आले साडेसहावर. ओरड झाली. पण त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना धावून सगळ्यांत कमी यार्ड मिळाले ते रेव्हन्सच्या बचावासमोर, आणि त्या फळीच्या मध्यावर हाच माणूस होता. कॅरोलायना पँथर्सच्या डेरिक ब्राउनच्या नावावर २०२३ मध्ये दोनच सॅक होते आणि त्यानं माणसं पाडली होती १०३ वेळा. आतल्या लाइनमनसाठी हा आकडा प्रचंड आहे. पँथर्सनी त्याला चार वर्षांचे ९ कोटी ६० लाख दिले. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला, कारण कुणीतरी सॅकचा रकाना बाजूला ठेवून खेळ बघितला होता.

तुमच्या मुलाला एक काम सांगा. लीगच्या सशुल्क सेवेत प्रशिक्षक बघतात ते चित्रण मिळतं, ज्याला ऑल-ट्वेंटीटू म्हणतात. त्यातला एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागचा कॅमेरा लावायचा. मी अशा वेळी चेंडूकडे बघतच नाही; स्नॅप झाला (चेंडू मागे देऊन खेळी सुरू झाली) की नजर फक्त त्या एका माणसाच्या खांद्यांवर ठेवते. चांगल्या आक्रमक फळीविरुद्धचे दोन सामने घ्या आणि सुमार फळीविरुद्धचा एक. पहिल्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार संधींतल्या पहिल्या संधीला) धावण्याची खेळी आली, दोघं अंगावर आले, तर त्याचे पाय मागे सरकतात का? तो दोन-तीन यार्ड मागे ढकलला गेला, तर त्याच्या मागचा लाइनबॅकर अडकणार आणि मोठी धाव निघणार. तो तिथेच ठाण मांडून राहिला, तर लाइनबॅकर मोकळा धावत येतो. समालोचक कौतुक लाइनबॅकरचं करतात. पैसे मात्र त्या टॅकलला मिळायला हवेत.

मग तिसऱ्या डाउनच्या खेळी बघा. तो मैदानावर असतो का? सात-आठ यार्ड हवे असताना प्रशिक्षक त्याला बाहेर बसवत असतील, तर तो फक्त धाव अडवणारा माणूस आहे आणि त्याचा भाव वेगळा. गार्ड एकटा समोर आला अशा खेळी शोधा, कारण खरी परीक्षा त्याच असतात. तिथे तो क्वार्टरबॅकला पाऊल मागे घ्यायला लावतो का? आतून आलेला दाब बाहेरून आलेल्या दाबापेक्षा जास्त बोचतो. बाहेरून माणूस आला तर क्वार्टरबॅक पुढे सरकून वाचतो. समोरूनच आला तर सरकायला जागाच उरत नाही. शेवटी चौथा क्वार्टर लावा. लाइनमन सारखे आतबाहेर होत असतात, कारण एवढ्या वजनानं प्रत्येक स्नॅप खेळणं शक्यच नसतं. पण सामना अटीतटीचा असताना, शेवटच्या दहा मिनिटांत, त्याचा पहिला पाय पहिल्या क्वार्टरइतक्याच झटक्यानं पडतो का? हे सगळं 'हो' असेल, तर साडेतीन सॅकचा वाद तिथेच मिटला.

आता पैसे. आकडे मोठे असतात, त्यामुळे चक्कर येते. मी ते सॅलरी कॅपच्या टक्क्यांत मोजते. कॅप म्हणजे संघाला खेळाडूंवर वर्षाला खर्च करता येणारी रक्कम. १९९४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०१८ मध्ये लॉस एंजलिस रॅम्सनी अ‍ॅरन डोनल्डला सहा वर्षांचे साडेतेरा कोटी दिले, म्हणजे वर्षाला सव्वादोन कोटी. त्या वर्षीची कॅप १७ कोटी ७२ लाख. एकट्या डोनल्डचा हिस्सा १२.७ टक्के. २०२४ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी ख्रिस जोन्सला पाच वर्षांचे १५ कोटी ८७ लाख ५० हजार दिले. वर्षाचे होतात ३ कोटी साडेसतरा लाख, आणि २५ कोटी ५४ लाखांच्या कॅपमध्ये ते बसतात १२.४ टक्के. सहा वर्षांत डॉलर इतके वाढले, पण सर्वोत्तम आतल्या लाइनमनचा हिस्सा जवळपास होता तिथेच आहे.

त्याच्या खालची पायरी बघायला २०१९ च्या ड्राफ्टइतकं चांगलं उदाहरण नाही. त्या पहिल्या फेरीत गेलेल्या टॅकलपैकी चार बघा: जेट्सकडे क्विनन विल्यम्स, मायामी डॉल्फिन्सकडे ख्रिश्चन विल्किन्स, जायंट्सकडे डेक्स्टर लॉरेन्स आणि टेनेसी टायटन्सकडे जेफ्री सिमन्स. चौघांनाही पाचव्या वर्षाचा पर्याय लागू होता. २०२३ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात तिघांचे करार वाढले: लॉरेन्सला चार वर्षांचे ९ कोटी, सिमन्सला ९ कोटी ४० लाख, क्विनन विल्यम्सला ९ कोटी ६० लाख. त्या वर्षीच्या कॅपच्या दहा ते पावणेअकरा टक्के. विल्किन्सचं आणि मायामीचं जमलं नाही. तो पाचवं वर्ष खेळला, नऊ सॅक केले आणि २०२४ च्या मार्चमध्ये रेडर्सकडे गेला, चार वर्षांच्या ११ कोटींवर. मायामीच्या हातात माणूस राहिला नाही.

पुढे पाच सामन्यांत विल्किन्सचं पाऊल मोडलं आणि २०२५ च्या जुलैमध्ये रेडर्सनी त्याला सोडलं. म्हणून मायामी शहाणी ठरली, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. दुखापत मायामीला २०२३ मध्ये दिसत नव्हती. दिसत होता तो दर आठवड्याला खेळणारा, दमदार टॅकल. निर्णय तेव्हा हातात असलेल्या माहितीवर तोलायचा असतो.

आणि बाकीच्या तिघांच्या करारांचं काय झालं? २०२५ मध्ये कॅप २७ कोटी ९२ लाख झाली. लॉरेन्सचे तेच सव्वादोन कोटी तेव्हा कॅपच्या आठ टक्क्यांवर आले. थांबण्याची किंमत म्हणतात ती हीच. आणि जेट्सनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये क्विनन विल्यम्सला डॅलसला दिलं, तेव्हा बदल्यात ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक निवड, दुसऱ्या फेरीची एक आणि शिवाय एक टॅकल मिळाला. वेळेवर आणि रास्त भावात केलेला करार असेल, तर माणूस नको झाला तरी त्याला गिऱ्हाईक असतं. करार संपत आलेल्या माणसासाठी एवढं कोण देईल?

टॅगवर मुलाचा विश्वास आहे, त्याचाही हिशेब करू. २०२५ मध्ये टॅकलच्या टॅगची किंमत होती सुमारे २ कोटी ५१ लाख. सही केली की पूर्ण रकमेची हमी. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग लावायचा, तर किमान वीस टक्के वाढ, म्हणजे ३ कोटींच्या वर. दोन वर्षांचे साडेपाच कोटी, सगळेच्या सगळे हमीचे, आणि दोन्ही वर्षं पूर्ण रक्कम त्या त्या वर्षीच्या कॅपवर. इकडचा डॉलर तिकडे सरकवायची सोय नाही. शिवाय दोन वर्षांनी माणूस मोकळा, आणि तोपर्यंत तो मनातून दुखावलेला. पाचव्या वर्षाचा पर्याय मात्र मे महिन्याच्या सुरुवातीच्या मुदतीआधी जरूर उचला. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२० च्या कामगार करारापासून तो उचलल्याक्षणीच पूर्ण हमीचा होतो, हे ध्यानात ठेवून. त्याचा उपयोग बोलणी करायला वेळ मिळावा म्हणून आहे.

माझी सगळी नोकरी बांधकामाची कंत्राटं तपासण्यात गेली. तिथे एकूण रक्कम मी शेवटी वाचायचे आणि काम मध्येच थांबलं तर कोण कुणाला किती देणार, ते कलम सगळ्यांत आधी. इथेही तसंच वाचा. चार वर्षांचे १० कोटी ही बातमी झाली. त्यातले सहीच्या दिवशी पूर्ण हमीचे किती? फक्त दुखापतीसाठी हमीचे किती? पुढच्या वर्षाचा पगार कोणत्या तारखेला हमीचा होतो? ही तारीख बहुधा मार्चमध्ये, नवं लीग वर्ष सुरू होताना असते, आणि संघाला खरा निर्णय त्या दिवसाआधी घ्यावा लागतो.

साइनिंग बोनसकडे सर्वांत बारकाईनं बघा. तो खेळाडूच्या खिशात लगेच जातो, पण कॅपवर जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटला जातो. ४ कोटींचा बोनस असेल तर दर वर्षी ८० लाख. दोन वर्षांनी माणसाला सोडलं, तर उरलेले २ कोटी ४० लाख एकदम कॅपवर येऊन बसतात आणि त्या पैशात मैदानावर कुणीही उभा नसतो. एक जूननंतर सोडल्याचं दाखवलं तर ८० लाख या वर्षी आणि १ कोटी ६० लाख पुढच्या वर्षी, एवढीच सवलत. म्हणून तुमच्या टॅकलसाठी मी असा करार मागेन: हातात असलेली दोन वर्षं आणि वर नवी चार, पूर्ण हमी पहिल्या तीन वर्षांपुरती, बोनस मध्यम, आणि शेवटच्या दोन वर्षांच्या पगाराचा काही भाग तो ज्या सामन्यांत उतरेल त्याच सामन्यांचा. वर्षाला कॅपच्या नऊ-दहा टक्क्यांपर्यंत मी जाईन. साडेबारा टक्के हा डोनल्ड आणि जोन्सचा भाव आहे. तुमच्या मुलानं तिथे पाय रोवून उभं राहावं, मी त्याच्या बाजूनं असेन.

नाही कधी म्हणेन? तीच दुखापत दुसऱ्यांदा झाली असेल तर. दर वर्षी हंगामाआधीच्या सराव शिबिराला वजन वाढवून येत असेल तर. किंवा प्रशिक्षक बदलून बचावाची रचनाच बदलणार असेल तर. अल्बर्ट हेन्सवर्थला वॉशिंग्टननं २००९ मध्ये बाहेरून आणलं, सात वर्षांचे १० कोटी देऊन. पुढच्याच वर्षी नवे प्रशिक्षक आले, चार जणांची फळी तीन जणांची झाली, त्याला मध्यावर नोज टॅकल म्हणून उभं राहायला सांगितलं आणि सगळं फिसकटलं. २०११ मध्ये तो पॅट्रियट्सकडे गेला, बदल्यात पाचव्या फेरीची एक निवड. पण बघा, तो परका होता. तुमचा टॅकल तीन वर्षं तुमच्याच इमारतीत आहे. बुधवारच्या सरावाला तो कसा येतो, हरलेल्या सामन्याचं चित्रण कसा बघतो, नव्या मुलांना हात कुठे ठेवायचे ते दाखवतो का, हे तुमच्या प्रशिक्षकांना ठाऊक आहे, बाकीच्या एकतीस संघांना नाही. घरच्या माणसाला आधी पैसे द्यावेत, यामागे माझं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

प्रश्न : तुम्ही नेहमी 'घरचा माणूस सोडू नका' म्हणता. मग फिलाडेल्फिया ईगल्सनी मिल्टन विल्यम्सला का जाऊ दिलं? सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) दोन सॅक केलेला माणूस महिनाभरात पॅट्रियट्सकडे गेला!

उत्तर : 'नेहमी' म्हणत नाही मी. आणि तुमच्या प्रश्नातला सुपर बोल हाच शब्द मला खटकतो, कारण एका रात्रीवर चार वर्षांचे पैसे ठरवू नयेत, मग ती रात्र कितीही मोठी असो.

२०२५ च्या फेब्रुवारीतला तो सामना मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. ईगल्सनी चीफ्सना ४०–२२ असं हरवलं, सहा सॅक केले आणि तेही बाहेरचा एकही जादा माणूस न पाठवता, फक्त पुढच्या चौघांच्या जोरावर. विल्यम्सचे दोन त्यात होते. पण हंगामभर तो साधारण निम्मे स्नॅप खेळला होता. समोरचा संघ दोघांना पाठवायचा ते जॅलन कार्टरवर. विल्यम्ससमोर बहुतेक वेळा एकच गार्ड. त्या एका गार्डला तो सुंदर हरवायचा, यात वाद नाही. पॅट्रियट्सनी चार वर्षांचे १० कोटी ४० लाख दिले, वर्षाला २ कोटी ६० लाख, कॅपच्या नऊ टक्क्यांहून थोडे जास्त. कॅपमध्ये भरपूर जागा आणि फळीत मधोमध भगदाड असलेल्या संघानं तो भाव देणं मला योग्यच वाटलं.

ईगल्सचं गणित वेगळं होतं. कार्टर आणि जॉर्डन डेव्हिस हे दोन्ही पहिल्या फेरीचे टॅकल तेव्हा पहिल्याच, स्वस्त करारावर होते. त्यांनी २०२४ च्या वसंतात जॉर्डन मायलाटा, लँडन डिकरसन, डेव्होंटा स्मिथ, ए. जे. ब्राउन यांचे करार एकापाठोपाठ एक वाढवले होते. हा संघ घरच्यांना पैसे देत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. पण तिसऱ्या टॅकलला पहिल्याचा पगार दिला, तर दोन वर्षांनी पहिल्याला द्यायला काय उरणार? शिवाय बाहेर गेलेल्या मोठ्या खेळाडूची भरपाई म्हणून तिसऱ्या फेरीपर्यंतची जादा निवड मिळू शकते. विल्यम्सला ईगल्सनी घेतलं होतं तेही तिसऱ्या फेरीतच.

मला वाईट एवढ्याचंच वाटतं, की त्याच्याशी बोलणी त्याआधीच्या उन्हाळ्यात, तिसऱ्या हंगामानंतर, निम्म्या भावात जमून गेली असती तर? तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जमलीच असती असं नाही, त्याच्या एजंटलाही थांबण्याचा फायदा दिसत असणार. पण बाकावरून येणाऱ्या लाइनमनचा करार वाढवायचा, तर खिडकी तीच एक असते.

प्रश्न : तिशी ओलांडलेल्या लाइनमनचा करार वाढवावा का? आमच्याकडे एकजण एकतीसचा आहे. सरळ 'नको' म्हणावं असं मला वाटतं.

उत्तर : तो कुठे उभा राहतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आतला माणूस ताकद, हातांची जागा आणि समोरच्याची चाल आधीच ओळखण्याची सवय यांवर जगतो. या गोष्टी उशिरा जातात. पिट्सबर्ग स्टीलर्सचा कॅमेरन हेवर्ड १९८९ चा जन्मलेला. २०२० मध्ये, एकतिसाव्या वर्षी, त्याला चार वर्षांची वाढ मिळाली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, पस्तिसाव्या वर्षी, पुन्हा मिळाली, आणि त्याच हंगामात आठ सॅक करून तो ऑल-प्रोच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी) पहिल्या संघात आला. त्याचे हात बघत बसावेत असे आहेत. गार्डचे तळवे छातीला लागायच्या आत हा ते खाली झटकतो, आणि वाढत्या वयात तो त्यात जास्तच सफाईदार होत गेला.

बाहेरून धावणाऱ्या एज रशरचा जीव पहिल्या पावलात असतो. सिनसिनाटी बेंगल्सच्या ट्रे हेंड्रिक्सननं २०२३ आणि २०२४, दोन्ही हंगामांत साडेसतरा सॅक केले. २०२४ मध्ये तर लीगमध्ये सर्वांत जास्त. तिशीतल्या या माणसाला बेंगल्सनी २०२५ च्या उन्हाळ्यात लांब करार दिला नाही, त्या एका वर्षाचा पगार मात्र वाढवून सुमारे ३ कोटींवर नेला. त्या हंगामात दुखापतीनं त्याचे बरेच सामने गेले. बेंगल्सवर खूप टीका झाली, मी ती केली नाही. तिशीनंतरच्या एज रशरला भरपूर पैसे द्यावेत, पण वर्षं कमी.

तेव्हा तुमचा माणूस आतला असेल तर दोन वर्षं, पहिलं पूर्ण हमीचं. बाहेरचा असेल तर एकच, आणि त्या वर्षी त्याला हात आखडता न घेता द्या.

प्रश्न : करार चालू असताना शिबिराला न येणं ही संघाशी बेइमानी नाही का?

उत्तर : मला तसं वाटत नाही. या खेळात संघ हमी नसलेला करार मार्चमधल्या एका सकाळी संपवू शकतो. खेळाडूकडे आपलं शरीर मैदानापासून दूर ठेवणं एवढंच हत्यार असतं, आणि तेही फुकट नसतं. पहिल्या करारावर नसलेल्या खेळाडूला शिबिराच्या प्रत्येक चुकलेल्या दिवशी ५० हजार डॉलर दंड होतो आणि २०२० च्या करारानुसार संघाला तो माफही करता येत नाही. ख्रिस जोन्सनं २०२३ मध्ये हे सगळं सोसलं. पहिल्या सामन्याला तो घरच्याच मैदानात वरच्या खोलीत बसून होता. चीफ्स लायन्सकडून २१–२० असे हरले. दोन-चार दिवसांत सुधारित करार झाला, फेब्रुवारीत संघ सुपर बोल जिंकला आणि मार्चमध्ये त्याला वर सांगितलेले ते पावणेसोळा कोटींहून जास्त मिळाले. कुणी कुणाशी बेइमानी केली?

हल्ली बरेच जण शिबिराला येतात आणि सराव करत नाहीत, म्हणजे दंड टळतो. पण हजर आहे म्हणून करार होणारच, असं संघांनीही समजू नये. मायका पार्सन्स २०२५ च्या उन्हाळ्यात डॅलसच्या शिबिरात होता. बोलणी खोळंबली आणि ऑगस्टअखेर तो ग्रीन बेला गेला, तिथे चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख घेऊन. डॅलसला पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिळाल्या आणि केनी क्लार्क हा टॅकल. नोव्हेंबरमध्ये त्याच डॅलसनी आपली फळी सावरायला क्विनन विल्यम्ससाठी जेट्सना पहिल्या फेरीची निवड मोजली.